एकदम पिकणारा वाण

डागाबद्दल माणसं खोटं बोलतात, हे तिला लाँड्रीच्या काउंटरमागे उभं राहिल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. दारू सांडलेली असते, सांगतात सरबत. रक्त असतं, म्हणतात गंज. कॉलरवर लिपस्टिक असते आणि कोटाचा मालक शपथेवर सांगतो की सॉस आहे. ती ऐकून घेते, कापड उजेडाकडे धरते, वास घेते आणि म्हणते, "हे बघा, मला काय तुमच्या घरी जाऊन सांगायचंय? सॉसचं औषध लावलं तर लिपस्टिक पक्की बसेल. खरं बोला आणि कोट वाचवा."

गिऱ्हाईक खरं बोलतं. सगळी गल्ली तिला डागमावशी म्हणते. लाँड्रीचा मालक तिच्याहून वयानं मोठा, तोही मावशीच म्हणतो.

पण वर्षातून एकदा, भर उन्हाळ्यात, आठवडाभराची सुट्टी संपवून ती कामावर यायची तेव्हा डाग तिच्याच हातांना असायचे. बोटं जांभळी, नखांच्या कडा काळ्या, मनगटावर उकळत्या पाकाचे चटके.

"काय मावशी, खून करून आलात की काय?" मालक दरवर्षी विचारायचा.

"अजून नाही," ती दरवर्षी सांगायची.

तो रंग ब्लॅककरंटचा. घरामागच्या जमिनीच्या तुकड्यात सासूबाईंनी ब्लॅककरंटची झुडपं ओळीनं लावली होती. काळ्या मण्यांसारखी, दात आंबवणारी फळं. नुसती कुणी तोंडात टाकत नाही. त्यांचा जॅम करायचा. आणि सासूबाईंनी निवडला होता एकदम पिकणारा वाण. म्हणजे आज हिरवं दिसणारं झुडूप चार दिवसांत काळं होतं, आणि पुढच्या चार दिवसांत फळ गळून मातीत जातं किंवा पाखरं नेतात. त्यामुळे जे काही करायचं ते एका आठवड्यात. खुडायचं, निवडायचं, प्रत्येक मण्याचा देठ काढायचा, दुसऱ्या टोकाला वाळलेल्या फुलाची शेंडी असते ती काढायची, बरण्या उकळायच्या, पाक करायचा, ढवळत उभं राहायचं. सासूबाई स्वतः करत होत्या तोवर त्यांचे गुडघे उत्तम होते. सून घरात आली आणि त्याच उन्हाळ्यात गुडघे गेले.

सासूबाई वारल्या, झुडपं राहिली. सूनही राहिली. तिला वर्षाला मिळणारी एकुलती एक सलग सुट्टी त्या पातेल्यात जायची. कुठं जाणं नाही, येणं नाही. लाँड्रीतली वाफ सोडून घरच्या वाफेत.

जॅम मात्र फिरायचा. सगळ्यात जास्त बरण्या न्यायची तिची नणंद. वन्सं शहराच्या पलीकडच्या, चांगल्या भागात राहायच्या. गाडी घेऊन यायच्या आणि डिकीत खोकी ठेवून घ्यायच्या. त्यांच्या डॉक्टरला बरणी, योगाच्या बाईंना बरणी, सोसायटीच्या सेक्रेटरीला बरणी. "आमच्या घरचा आहे," असं सांगून द्यायच्या. कधी "आमच्या आईच्या बागेतला." हे तिला कळायचं, कारण वन्संच्या ओळखीच्या बाया लाँड्रीत यायच्या आणि काउंटरवर कौतुक करायच्या, "तुमच्या नणंदबाईंच्या हाताला काय चव आहे हो!"

ती पावती फाडून द्यायची. "गुरुवारी मिळेल," म्हणायची.

मग एका वसंतात झुडपं आजारी पडली. कळ्या मटाराएवढ्या फुगल्या आणि उमलल्याच नाहीत. आत डोळ्यांना न दिसणारी कीड असते, औषध नसतं. मुळासकट उपटून जाळणं एवढाच उपाय. नवऱ्यानं उपटली, जाळली. तो मीटर-रीडर होता, आता निवृत्त. सगळं आयुष्य लोकांच्या जिन्याखाली बॅटरी मारून आकडे वाचण्यात गेलं, त्यामुळे घरी आल्यावर त्याला मोकळं, स्वच्छ, सरळ रेषेतलं सगळं आवडायचं. काळी, रिकामी जमीन बघून तो खूश झाला आणि त्या भरात एक वाक्य बोलून गेला.

"आता इथं काय लावायचं ते तू ठरव. तुझीच बाग आहे."

एवढ्या वर्षांच्या संसारात असं वाक्य तिनं ऐकलं नव्हतं. पडद्याचा रंगसुद्धा वन्संना विचारून ठरलेला. तिनं ते वाक्य खरं धरलं. चूक म्हणायची तर तीच.

तिला काय हवं होतं ते तिला नेमकं माहीत होतं. एकदा एका गिऱ्हाईक बाईंनी स्वेटर द्यायला येताना वाटीत त्यांच्या दारच्या पिवळ्या रास्पबेरी आणल्या होत्या. दोन कोटांच्या मधे उभं राहून तिनं त्या खाल्ल्या. मऊ, कोमट, जिभेवर ठेवताच विरघळणाऱ्या. उकळलेल्या नाहीत, गाळलेल्या नाहीत, बरणीत भरलेल्या नाहीत. फळ फळासारखंही खाता येतं, हे तिला त्या दिवशी नव्यानं कळलं. आपल्या घरी हे का नाही, असा विचार आला आणि राग आला. तो मग गेलाच नाही.

हिवाळा लागताच ती रोपवाटिकेत गेली. रोपवाटिका चालवणारी बाई उंच बुटांत, मातीत बरबटलेली, तोंडानं फटकळ.

"रास्पबेरी हवी," ती म्हणाली. "पण आमच्याकडे येत नाही. लेकीनं एकदा भिंतीलगत लावून दिली होती. काटक्या येतात, पानं येतात, फळ म्हणून नाही. नणंद म्हणते, माझ्या हाताला फळ नाही."

"नणंद काहीही म्हणेल. हिवाळ्यात काय करता त्या काटक्यांचं?"

"मी काही करत नाही. ह्यांना साफसफाई लागते. जमिनीलगत कापून टाकतात."

रोपवाटिकेवाली इतक्या जोरात हसली की शेडमधला कुत्रा उठून बसला. "अहो मावशी! उन्हाळी रास्पबेरी मागच्या वर्षीच्या काटकीवर फळते. यंदा काटकी वाढते, पुढच्या उन्हाळ्यात फळ देते. तुमचे हे दर हिवाळ्याला पुढच्या उन्हाळ्याचं फळ कापून जाळतायत!"

ती हसली नाही. दर हिवाळ्यात नवरा छाटणीची कात्री दगडावर घासायचा, तेल लावायचा, आणि संध्याकाळी हात धुऊन म्हणायचा, "बाग कशी लख्ख केली बघ." तिनं दरवर्षी बघितलं होतं. "छान," असं म्हटलंही होतं.

"एक वाण आहे तुमच्यासाठी," रोपवाटिकेवाली डोळे पुसत म्हणाली. "शरदात फळणारा. त्याच वर्षीच्या नव्या काटकीवर फळ धरतो. हिवाळ्यात जमिनीलगत कापलात तरच चांगला. ज्या घरात माणसाच्या हातात कात्री थांबत नाही, त्या घराला हाच. पिवळ्या रंगाचा आहे."

"एकदम पिकतो?"

"नाही ना, तीच तर लोकांची तक्रार असते. रोज मूठभर, आज या फांदीला, उद्या त्या. दोन महिने चालतं. फळ इतकं मऊ की बाजारात नेईपर्यंत लगदा. जॅमला पुरत नाही. तोडायचं आणि उभ्या उभ्या खायचं."

"तोच द्या."

मग तिनं बाकीचं निवडलं. गूजबेरी घ्यायची ठरली तर हिरवी, केसाळ, शिजवायची नको; लाल, गोड, कच्ची खायची हवी. स्ट्रॉबेरी मोठ्या फळाची, एकाच महिन्यात संपणारी नको. बारकी, पण उन्हाळाभर अधूनमधून लागत राहणारी. ब्लूबेरीवर मन गेलं होतं, पण रोपवाटिकेवाली म्हणाली, तुमच्या भागातली जमीन चुनखडीची, ब्लूबेरीला आंबट माती लागते, पिवळी पडून मरेल. तिनं लगेच नाव काढलं. जे जगणार नाही ते लावायचं नव्हतं. प्रत्येक वाणाला तिनं एकच प्रश्न विचारला: ह्याचं काही करावं लागतं का? करावं लागत असेल तर नको.

रोपं हिवाळ्याच्या शेवटी मिळणार होती. ऑर्डर नवऱ्याच्या नावावर लिहिली गेली, कारण रोपवाटिकेच्या वहीत पूर्वीपासून त्याचंच नाव होतं आणि आणायला तोच जाणार होता.

घरी येऊन तिनं त्याला काटक्यांचं सांगितलं.

"मग तू सांगायचं होतंस," तो म्हणाला.

"मला माहीत नव्हतं."

"तुला माहीत नव्हतं, तर मला कसं असणार?"

"कात्री तुमच्या हातात होती."

"अगं, मी चांगल्यासाठीच केलं ना! घाण काढली." आणि त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला. तो वाईट माणूस नव्हता. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

रविवारी जेवायला वन्सं आल्या. लेकही आली होती. नवऱ्यानं मोठ्या कौतुकानं सांगितलं की बागेचं सगळं हिनं ठरवलंय.

वन्संनी चमचा खाली ठेवला. "अच्छा. पिवळी रास्पबेरी. छान. मग जॅमचं काय?"

"जॅमचं काय?" ती म्हणाली.

"नाही, म्हणजे लोक विचारतात हो वहिनी. यंदा झाला नाही म्हटल्यावर आमच्या डॉक्टरांचा चेहराच उतरला."

"दुकानात मिळतो."

"दुकानातला कुठं आणि आपला कुठं!"

"आपला म्हणजे कुणाचा, वन्सं? तुम्ही देठ काढायला कधी आलात?"

"मला ॲलर्जी आहे, तुम्हाला माहीतच आहे. बोटांना खाज सुटते."

"खाताना जिभेला नाही सुटत?"

लेक पाणी पिताना ठसकली. नवऱ्यानं गडबडीनं मिठाची वाटी बहिणीकडे सरकवली, जणू जेवण अळणी झालं होतं. वन्सं म्हणाल्या, "दादा, मी काही बोलत नाही बाबा. आईची आठवण होती, एवढंच." आणि मग जेवण संपेपर्यंत त्याच बोलत राहिल्या.

हिवाळा सरत आला तशी लाँड्रीत जाड कोटांची रीघ लागली. लोक कोट धुवून ठेवून द्यायला आणतात, खिशात गेल्या हिवाळ्याच्या गोळ्या तशाच असतात. त्या दिवशी ती थकून घरी आली. दारात वन्संची गाडी. मागच्या अंगणातून हसण्याचा आवाज.

ती हातातली पिशवी घेऊनच मागं गेली. जमीन खणलेली, दंताळ्यानं सारखी केलेली. या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली दोरी, आणि दोरीला धरून एका रेषेत झुडपं. काळपट फांद्यांची, सगळी एकसारखी. वन्सं खुर्चीत चहाचा कप घेऊन बसल्या होत्या. नवरा गुडघ्यापर्यंत चिखलात, घामेजलेला, आणि इतका खूश की स्वतःच्या लग्नातही तो एवढा हसला नव्हता.

"सरप्राइज!" वन्सं म्हणाल्या.

तिनं पहिल्या झुडपाला बांधलेली चिठ्ठी उलटी करून वाचली. *ब्लॅककरंट. सुधारित. भरघोस, एकदम पिकणारा, बरण्यांसाठी उत्तम.*

"आईच्या झुडपांना लागलेली कीड याला लागतच नाही," नवरा म्हणाला. "नवा वाण आहे. आणि फळ दुप्पट! दुप्पट, ऐकलंस का?"

"माझी रोपं कुठायत?"

"बदलून घेतली. अगं, आम्ही दोघं गेलो आणायला, तर ती रोपवाटिकेवालीच म्हणाली, ती पिवळी रोज मूठभरच येते म्हणून. मूठभरानं काय होणार? एवढी जागा वाया! मग ही तुझी नणंद म्हणाली, वहिनींना वाटत असेल आपल्यावर फार भार पडतो, तर आपणच लावून देऊ. म्हणजे तुला लावायचासुद्धा त्रास नाही."

तिनं पिशवी पायरीवर ठेवली. कोट काढून पिशवीवर ठेवला. भिंतीला टेकवलेलं फावडं घेतलं आणि ओळीच्या टोकाला जाऊन पहिल्या झुडपाखाली घातलं. आजच लावलेलं ते, मुळांनी अजून काही धरलं नव्हतं. सहज वर आलं.

"अगं! काय करतेस?"

दुसरं वर आलं.

"अगं, शेजारी बघतायत!"

"बघू दे. कधीचे बघतायत, आज काहीतरी दिसेल तरी."

"वहिनी, अहो, मी प्रेमानं..."

"वन्सं, तो कप ठेवा आणि डिकी उघडा."

"कशाला?"

"खोकी न्यायची सवय आहे तुमच्या गाडीला. आज झुडपं न्या." तिसरं, चौथं. ती बोलत होती आणि खणत होती, आणि आवाज चढत नव्हता, त्यामुळेच नवरा पुढं यायला घाबरत होता. "तुमच्याकडे लॉन आहे. ऊन भरपूर येतं, तुम्हीच सांगता. खड्डा हातभर खोल घ्या. रोपवाटिकेत होतं त्यापेक्षा थोडं जास्त खोल लावायचं. लावलं की प्रत्येक फांदी खालचे दोन डोळे ठेवून छाटायची. त्यासाठी दादाला बोलवा, त्याला कापायला आवडतं. एक वर्ष काही मिळणार नाही. मग पुढच्या उन्हाळ्यात एक आठवडा मोकळा ठेवा. योगाला जाऊ नका. बोटांना खाज सुटली तर सुटू दे, ढवळताना लक्षात राहत नाही."

वन्सं रडायला लागल्या. "दादा, बघ ना रे."

"तिनं चांगल्या मनानं केलं," नवरा म्हणाला.

"माझ्या सुट्टीवर?" ती फावड्यावर हात ठेवून पहिल्यांदा थांबली. "एक सांगते, नीट ऐका. मला न विचारता हे लावलं असतंत ना, तर मी नेहमीसारखी देठ काढत बसले असते. तेवढी अक्कल मला कधी नव्हतीच. पण तुम्ही विचारलंत. तू ठरव म्हणालात. मी सगळा हिवाळा ठरवण्यात घालवला. आणि मग तुम्ही दोघं गाडीत बसून गेलात आणि माझं ठरवलेलं परत करून आलात. जसा काही मापात न बसणारा शर्ट."

नवऱ्यानं वाकून ताणलेल्या दोरीचं एक टोक सोडलं.

तिनं झुडपं ओल्या पोत्यात गुंडाळली, मुळं झाकली. झाडांवर तिचा राग नव्हता. डिकीत ठेवली आणि झाकण लावलं. वन्सं नाक पुसत गाडीत बसल्या, आणि गाडी कोपऱ्यावर जाताना उगीचच हॉर्न वाजला.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. आत्याचा फोन तिला आधीच गेला होता. "आई, जरा जास्त नाही का झालं?"

"कमी झालं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी लाँड्रीतून सुटल्यावर ती थेट रोपवाटिकेत गेली. बाई कुंड्या रचत होती. हिला बघून तिनं हातातली कुंडी सावकाश खाली ठेवली.

"मला विचारायला हवं होतंत," ती म्हणाली.

"ऑर्डर त्यांच्या नावावर होती, मावशी."

"निवड माझी होती. ते तुम्हाला माहीत होतं."

"होतं," रोपवाटिकेवाली म्हणाली. "दोघं आले, हसत होते. मला वाटलं घरात बोलणं झालं असेल. आणि खरं सांगायचं तर महाग झुडपं जात होती, मी दिली." तिची गूजबेरी, स्ट्रॉबेरी दुसऱ्यांना गेली होती. पिवळ्या रास्पबेरीचं एकच रोप उरलं होतं, फुटक्या कुंडीतलं, म्हणून कुणी घेतलं नव्हतं.

ती ते घेऊन घरी आली आणि त्या सगळ्या मोकळ्या जमिनीच्या बरोबर मधोमध तिनं ते लावलं. नवरा खिडकीतून बघत होता. शेवटी न राहवून बाहेर आला.

"एवढ्या जागेत एकच?"

"एकच."

"कडेला तरी लावायचं. मधे लावल्यानं सगळीच जागा अडते."

"हो," ती म्हणाली. "अडते."

उन्हाळ्यात, त्याच आठवड्यात, तिनं सुट्टी घेतली. नवऱ्यानं विचारलं, कशाला? तिनं सांगितलं, बसायला. ती खुर्ची टाकून मागच्या अंगणात बसली. सकाळी बसली, दुपारी बसली. पहिले दोन दिवस तिला नुसतं बसणं जमलं नाही. हात सारखे काहीतरी शोधत होते. तिसऱ्या दिवशी जमलं. वन्संची झुडपं डिकीतच वाळून गेल्याचं लेकीनं सांगितलं, तेव्हा तिला झुडपांचं वाईट वाटलं. वन्संचं वाटलं नाही. वाटेल म्हणून तिनं थोडी वाटही बघितली होती.

शरदात रोपानं फळ धरलं. पहिलंच वर्ष, रोजची मूठसुद्धा नाही. तीन-चार फळं, कधी दोन. कामावर जायच्या आधी ती चपला घालून मागं जायची, बोटांनी अलगद धरायची. पिकलेलं फळ आपणहून हातात यायचं. न पिकलेल्याला ती ओढायची नाही. वाटी घ्यायची नाही.

वन्सं एका रविवारी आल्या. भावाशी बोलल्या, भाचीशी बोलल्या, मग मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मोकळी जमीन, मधे एक रोप, आणि रोपाशी वहिनी.

"एवढ्यानं काय होणार, वहिनी?" आवाजात टोमणा होता की खरंच प्रश्न, कळत नव्हतं.

"काही होणार नाही," ती म्हणाली. "त्यासाठीच लावलंय." आणि हातातलं फळ तोंडात टाकलं.

वन्सं आत गेल्या. नवरा मात्र पायऱ्या उतरून खाली आला. एवढ्या दिवसांत तो रोपाच्या इतक्या जवळ आला नव्हता. कात्रीही आणली नव्हती.

"कसं लागतं गं?" त्यानं विचारलं आणि तळहात पुढं केला.

फांदीला एकच उरलं होतं, कडेनं अजून हिरवट. तिनं त्या तळहाताकडे बघितलं.

"ते उद्या पिकेल. उद्या मी कामाला जायच्या आधी खाणार आहे."

"आणि परवाचं?"

"परवाचं परवा विचारा," ती म्हणाली. "आणि मी नाही म्हटलं, तर नाही."

त्यानं होकारार्थी मान हलवली. हात तसाच थोडा वेळ हवेत राहिला. मग त्यानं तो खिशात घातला.